फाईल कुणाच्या कपाटात?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, लहान मुलांना खीर वाटून झाली आणि विहारातच नेहमीप्रमाणे वसाहतीची सभा बसली. विषय होता सकाळच्या बसचा. इतिवृत्ताची वही पुढे आली तसे आम्ही सवयीने खिशाचे पेन काढले. तेवढ्यात समोर बसलेल्या एक भगिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. आज मी लिहिते. चुकलं तर सांगा, पण वही माझ्याकडं द्या."

या भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी एकेक अक्षर काढत सभेचा ठराव लिहिला आणि उभ्या राहून वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण घरी येताना आम्ही गप्प होतो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "काय झालं?" काय सांगणार? त्या बाईंच्या हाती वही जायला अठरा वर्षे लागली. त्यातली पहिली सात वर्षे ती वही आम्हीच अडवून बसलो होतो. आणि त्याची किंमत आम्ही नाही, त्याच बाईंच्या घराने मोजली.

ही हकीकत आज जाहीरपणे लिहीत आहोत. वस्तीवस्तीत आमच्यासारखे चार बुके शिकलेले कार्यकर्ते आहेत. ते आमच्याइतकेच प्रामाणिक आहेत आणि बहुधा आमच्यासारखीच चूक करीत आहेत.

आम्ही 'साहेब' झालो तेव्हा

आम्ही बी. कॉम. झालो आणि कारकुनीला लागलो. तेव्हा आमची वस्ती रस्त्याच्या कडेला होती. पत्र्याची घरे, सार्वजनिक नळ, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. वस्तीत इंग्रजी पत्र वाचणारा माणूस म्हणजे आम्ही. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचे लाईट बिल, कुणाचा मतदार यादीतला उतारा, कुणाची झोपडी मोजणीची पावती, सगळे कागद आमच्याकडे येऊ लागले. २००७ सालापासून आम्ही रस्तारुंदीच्या कामात वस्तीचे अर्ज लिहू लागलो. ऑफिसातून आलो की चहा घेऊन अर्ज लिहायला बसायचो. लोक म्हणायचे, "साहेब आहेत तोवर आपल्याला काळजी नाही." ऐकून बरे वाटायचे. खोटे कशाला बोला?

घरी एक लोखंडी कपाट घेतले. त्यात शंभरावर कुटुंबांच्या फायली. कागद हरवू नयेत म्हणून मूळ प्रतीही आम्हीच ठेवून घेत होतो. कपाटाची किल्ली आमच्या जानव्याला नाही, पण करगोट्याला बांधल्यासारखी सतत आमच्या अंगावर असायची.

२०१४ साली पात्र-अपात्रतेची यादी लागली. या भगिनींचे नाव अपात्रात आले. कारण साधे होते. मोजणीच्या पावतीवर वारलेल्या पतीचे नाव आणि रेशनकार्डावर यांचे. मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा पुरावा दाखवला की प्रश्न मिटणार होता. दोन्ही कागद फायलीत तयार होते. सुनावणीची नोटीस लागली आणि नेमके त्याच आठवड्यात आम्ही कावीळ होऊन इस्पितळात पडलो. सौभाग्यवती आमच्या उशाशी. घराला कुलूप. बाई दोनदा दारावरून परत गेल्या. सुनावणीला रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या. समोरच्या अधिकाऱ्याने काय विचारले तेही त्यांना नीट कळले नाही. निकाल लागला, अपात्र.

आम्ही बरे होऊन आलो तोवर अपिलाची मुदत उलटून गेली होती. पुढे विलंब माफीचा अर्ज, अपील, तारखा. न्याय मिळाला, घरही मिळाले, पण जवळजवळ तीन वर्षांनी. तोपर्यंत त्यांची झोपडी गेली होती. दूर कुठे तरी भाड्याच्या खोलीत त्या राहिल्या. जाण्यायेण्याच्या ओढाताणीत मुलीची शाळा नववीत सुटली. नंतर तिने १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली. पण मधली वर्षे तिला कोण परत देणार?

आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा दोष नाही. पण माझे कागद माझ्या घरात असते तर?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. सात वर्षे आम्ही वस्तीची सेवा करीत होतो असे समजत होतो. प्रत्यक्षात वस्तीला आमच्यावर विसंबून राहायची सवय लावत होतो. सेवा झाली होती, पण नेतृत्व उभे राहिले नव्हते.

घर आणि वाट, बाबासाहेबांनाही नाकारली

घराचा आणि प्रवासाचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत, त्यात हे दोन्ही प्रश्न आहेत. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच गाडीवान गाडी जुंपायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. मग टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच एका माणसाने टांगा हाकला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

या आठवणी आपण जयंतीला सांगतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. पण त्यातून बाबासाहेबांनी काय काढले ते पाहा. एवढा विद्वान माणूस, पण पदवीमुळे त्यांना खोली मिळाली नाही की टांगा मिळाला नाही. एकट्याच्या हुशारीने हा प्रश्न सुटत नाही हे त्यांनी ओळखले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. पुढे अखेरच्या वर्षी, प्रकृती साथ देत नसताना, १९५६ च्या जुलैत मुंबईत राजकारणात उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. म्हणजे नेता आकाशातून पडत नाही, तो तयार करावा लागतो, हे बाबासाहेबांचे मत होते. आपण मात्र नेता निवडून देतो, त्याला हार घालतो आणि सगळे कागद त्याच्या कपाटात टाकून मोकळे होतो.

पदपथावरच्या बायकांनी केलेली मोजणी

हे काम कसे करायचे याचा धडा मुंबईतच गिरवला गेला आहे. १९८१ साली पदपथावरच्या झोपड्या पाडून माणसांना शहराबाहेर काढण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, हे न्यायालयाने मान्य केले. संविधानाच्या कलम २१ चा हा मोठा अर्थ होता. पण त्याच निकालात रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करायलाही परवानगी मिळाली. म्हणजे तत्त्व पदरात पडले, पण डोक्यावरचे छप्पर तसेच टांगते राहिले.

त्या वेळी भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी रडत न बसता एक काम केले. 'स्पार्क' ही संस्था १९८४ साली सुरू झाली होती. तिच्याबरोबर १९८५ मध्ये पदपथावरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी झाली. कुठून आलो, किती वर्षे झाली, काय काम करतो, कामाला जायला किती चालतो, हे सगळे कागदावर आले. सरकारदरबारी ही माणसे कुठल्याच यादीत नव्हती. त्यांनी आपली यादी आपणच केली. पुढच्या वर्षी 'महिला मिलन' उभे राहिले. बायका घरोघर फिरून रोजची बचत गोळा करू लागल्या. रक्कम छोटी, पण रोज प्रत्येक दारात जायचे. कोण आजारी आहे, कुणाला नोटीस आली, कुणाच्या घरात भांडण आहे, हे पुढाऱ्याच्या आधी बायकांना कळू लागले. घर कसे हवे ते दाखवायला त्यांनी कापड ताणून खऱ्या मापाची घरे उभारली. मोरी कुठे, चूल कुठे, झोपायला किती जागा, हे त्यांनी अंग वळवून पाहिले आणि मग अधिकाऱ्यांना बोलावून दाखवले.

त्यांच्या जोडीला जॉकिन अर्पुथम होते. चेंबूरजवळची त्यांची जनता कॉलनी १९७६ साली उठवली गेली होती आणि माणसे चित्ता कॅम्पला टाकली होती. त्या पराभवातून शिकून त्यांनी झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ वाढवला. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ साली ते वारले. त्यांच्या पश्चातही बायकांचे बचतगट चालू राहिले, ही त्यांच्या कामाची खरी पावती.

रुळाकडेची माणसे

घर आणि प्रवास हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेले आहेत ते रेल्वेलगतच्या वस्त्यांनी दाखवले. रुळापासून हातभर अंतरावर झोपड्या. त्यामुळे लोकलला वेग कमी करावा लागे. गाडीत लोंबकळणारा प्रवासी झोपडीवाल्याला शिव्या देई आणि झोपडीवाल्याचे मूल गाडीखाली येई. दोघेही गरीब, दोघेही कष्टकरी, पण एकमेकांचे वैरी झालेले.

२००० सालच्या फेब्रुवारीत हार्बर मार्गालगतच्या झोपड्यांवर बुलडोझर चालला. रेल्वे झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेने आवाज उठवला, पाडकाम थांबले आणि आधी पर्यायी जागा, मग स्थलांतर, या मागणीला जोर आला. त्यानंतरच्या साधारण वर्षभरात सुमारे ६०,००० माणसे रुळाजवळून हलली. यात पोलिसांचा दंडुका चालला नाही. याद्या वस्तीच्या गटांनी केल्या, शेजारी शेजाऱ्याजवळच राहील असे गट पाडले, सोसायट्या नोंदवल्या आणि लोकांनी आपली झोपडी स्वतःच्या हाताने उतरवली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या इतिहासातले हे पान आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच प्रकल्पाच्या रस्त्यांच्या कामात पुनर्वसनाबद्दल रहिवासी आणि दुकानदारांनी २००४ साली थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या. त्यांची दखल घेऊन २००६ च्या मार्चमध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी काही काळ रोखला. आणखी एक गोष्ट. २२५ चौरस फुटांची घरे मिळाली, पण कित्येक इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात खेटून बांधलेल्या इमारती आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला.

म्हणून घर मिळणे ही अर्धी लढाई आहे. नकाशावर सही करण्याआधी दोन इमारतींमध्ये किती अंतर आहे हे विचारणारी माणसे वस्तीत हवीत. बसथांबा किती लांब, शाळा कुठे, मुलीला संध्याकाळी चालत यायचा रस्ता उजेडाचा आहे का, हे विचारणाऱ्या बायका हव्यात. हे प्रश्न एकट्या 'साहेबा'ला सुचत नाहीत. आम्हाला तरी सुचले नव्हते.

माँटगोमेरीची बस

सातासमुद्रापलीकडची एक गोष्ट आम्ही विहारात मुलांना आवर्जून सांगतो. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली. पुस्तकात इतकेच असते. जणू एक थकलेली बाई सहज बसून राहिली आणि क्रांती झाली.

खरी गोष्ट वेगळी आहे. रोझाबाई आपल्या संघटनेच्या शाखेच्या चिटणीस होत्या. अन्यायाच्या तक्रारी लिहून घेण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत होत्या. त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातल्या हायलँडर शाळेत त्या कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. तिकडे महिलांच्या राजकीय मंडळाच्या जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी १९५४ सालीच महापौरांना बसवर बहिष्काराचा इशारा देणारे पत्र लिहिले होते. अटकेची बातमी येताच त्यांनी रातोरात हजारो पत्रके छापून काढली. ५ डिसेंबरपासून काळे उतारू बसमध्ये चढेनात. त्यांत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकाच जास्त. कुणी मैलोन्‌मैल चालले, कुणासाठी मोटारींची सोय केली. ३८१ दिवस बहिष्कार चालला. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधली विषमता बेकायदा ठरवली.

वाचकहो, तारखा पाहा. नागपूरला आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली, त्याला महिना होतो न होतो तोच हा निकाल लागला. दोन देशांतली दलित माणसे एकाच ऋतूत ताठ उभी राहिली.

त्याच हायलँडर शाळेत इसाऊ जेन्किन्स नावाचे एक गृहस्थ जात असत. ते जॉन्स आयलंड बेटावरच्या मजुरांना शहरात कामाला नेण्यासाठी बस चालवत. मतदार नोंदणीसाठी तिथे संविधानातला भाग वाचून दाखवावा लागे. जेन्किन्स प्रवासातच उतारूंना तो शिकवू लागले. पुढे १९५७ साली एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांची शाळा भरली. शिकवायला केस विंचरण्याचा धंदा करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन. त्यांनी पहिल्या दिवशी लोकांनाच विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? हा प्रश्न आम्ही सात वर्षांत एकदाही कुणाला विचारला नव्हता.

कपाट रिकामे केले

मग आम्ही काय केले? पहिले काम, कपाट रिकामे केले. एका रविवारी ज्याची फाईल त्याच्या हाती दिली. मूळ कागद घरमालकिणीकडे, एक झेरॉक्स संच विहाराच्या पेटीत. पेटीला दोन कुलपे आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरी. प्रत्येक फायलीवर पहिल्या पानाला यादी. कोणता कागद, कोणत्या तारखेचा, कुठे दिला, आवक क्रमांक काय. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरातल्या मुलाने ती यादी आईला पाठ करून द्यायची. आठवीतल्या मुलाला अभ्यास होतो आणि आईला आपला कागद ओळखता येतो.

दुसरे, कचेरीत एकट्याने जायचे नाही. तिघांनी जायचे. एकाने बोलायचे, एकाने लिहायचे, एकाने नुसते बघून शिकायचे. पुढच्या खेपेला जो बघत होता तो लिहिणार आणि लिहिणारा बोलणार. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही.

तिसरे, सुनावणीची तालीम. विहारात एकाने अधिकारी व्हायचे. सुरुवातीला हसू यायचे. पण 'अधिकारी' झालेल्या पोराने दरडावून विचारले, "पुरावा काय?" की बाईंचे पाय लटपटायचे. चार वेळा तालीम झाली की पाय स्थिर होतात. खऱ्या सुनावणीला भीती उरत नाही असे नाही, पण ती ओळखीची झालेली असते.

चौथे, कायद्याची थोडकी ओळख. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, न मिळाल्यास पहिले अपील. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला सोसायटीची ठरावीक कागदपत्रे बघण्याचा हक्क आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत झाली पाहिजे. एवढे चार मुद्दे भिंतीवर लिहिले आणि सोसायटीचे जमाखर्च मांडणाऱ्यांची भाषाच बदलली. महिन्याचा हिशेब आता फळ्यावर लागतो. पंपदुरुस्तीला किती, लिफ्टला किती, शिल्लक किती. आम्ही बी. कॉम. असूनही हिशेब मांडत नाही. शिकवतो आणि तपासतो.

पाचवे, कुठलेही पद दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. यावर भांडण झाले. आमचे एक ज्येष्ठ बंधू रागावून सभेतून उठून गेले. म्हणाले, "आम्ही पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, आता काल आलेली पोरं आम्हाला घरी बसवणार?" त्यांचे दुःख खरे होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो, विनंती केली की पद सोडा पण तालमीला तुम्ही अधिकारी व्हा. आज त्यांच्याइतका कडक 'अधिकारी' वसाहतीत दुसरा नाही.

बसचा हिशेब

पुनर्वसनात इमारत मिळाली, पण बसथांबा लांब आणि सकाळी गाड्या अपुऱ्या. सहाला कामावर निघणाऱ्या बायकांना शेअर रिक्षा करावी लागे. त्यात मुंबईत २०२५ च्या मे महिन्यात बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. दिवसाला दोन खेपा आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर एका माणसामागे २६० रुपये वाढले. रिक्षाचे पैसे निराळे. ज्या घरात तिघे कामाला जातात, तिथे हा किराण्याच्या यादीतला तेल-डाळीचा प्रश्न आहे.

पूर्वी आम्ही एक फक्कड इंग्रजी अर्ज लिहिला असता आणि तो कुठल्या तरी टेबलावर पडून राहिला असता. या वेळी मुलामुलींनी थांब्यावर वही घेऊन दोन आठवडे उभे राहून नोंद केली. बस किती वाजता आली, किती माणसे चढली, किती खाली राहिली, गर्भवती बाई होती का, दप्तराची मुले किती. रोजच्या पानावर त्या दिवशीच्या पाच उतारूंच्या सह्या. ही वही घेऊन सात बायका संबंधित कचेरीत गेल्या. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत काय चालले आहे या काळजीने आमचा जीव वरखाली होत होता, पण आत गेलो नाही.

सकाळच्या दोन फेऱ्या वाढल्या. संध्याकाळच्या अजून वाढलेल्या नाहीत. थांब्याजवळचा दिवा लागला, दोनदा बंद पडला, पुन्हा अर्ज गेला. हे यश मोठे नाही हे आम्हाला माहीत आहे. पण तो दुसरा आणि तिसरा अर्ज कुणी लिहिला ते आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. हीच आमची मिळकत.

घरातून सुरुवात

शेवटी आमच्या बंधूंना दोन शब्द. जयंतीच्या मिरवणुकीला आपल्या वसाहतीतून हजार माणसे निघतात, सुनावणीला तीन जातात, आणि त्या तिघांत दोन बायका असतात. बायकोने सभेला जायचे तर संध्याकाळच्या भाकरी कोण करणार, या एका प्रश्नावर कित्येक घरांत नेतृत्व चुलीपाशीच विझते. आठवड्यातून एक दिवस आपण पीठ मळावे. आम्ही मळतो. भाकरी गोल होत नाही, पण पोट भरते.

भगिनींना विनंती की आज रात्री ट्रंक उघडा. घराचा कागद, रेशनकार्ड, वीजबिल, दाखले कुठे आहेत ते पाहा. कुणा पुढाऱ्याच्या, कुणा 'साहेबा'च्या घरी असतील तर मागून आणा. तो भला माणूस असला तरी आणा. भला माणूसही आजारी पडतो.

आणि आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना काय सांगावे? आपण नसलो तर वस्तीचे कसे होईल, ही चिंता आम्हालाही होती. आता रविवारी आम्ही विहारात मागच्या रांगेत बसतो. वही पुढे फिरत असते. त्या भगिनींचे अक्षर अजून वाकडे आहे, ऱ्हस्वदीर्घ चुकते. त्यांची मुलगी शेजारी बसून हळूच सांगते आणि त्या खोडून पुन्हा लिहितात. तो ठराव कचेरीत स्वीकारला जातो, त्यावर शिक्का बसतो आणि दुसरी प्रत त्या स्वतःच्या पिशवीत घालून घरी नेतात.

आमचे लोखंडी कपाट अजून घरात आहे. त्यात आता सौभाग्यवती गोधड्या ठेवतात.

जय भीम!